टिवटिव्या, आई आणि मी

प्रिय धाकटे,

तुझा दादा तुला याच नावाने हाक मारायचा, म्हणून मीही मारते. चाळिशी ओलांडलीस तरी चालवून घे. तू पाठवलेलं आईंचं तिकीट मिळालं. खिडकीजवळची जागा, आणि विमानापर्यंत नेणाऱ्या चाकांच्या खुर्चीची सोय! ती खुर्ची आईंना दिसली असती तर त्यांनी तुला फोन करून असं काही सुनावलं असतं की विमान कंपनीलाही ऐकू गेलं असतं. म्हणून मी तिकीट त्यांना बरेच दिवस दाखवलंच नाही. आईंनी आता कायमचं तुझ्याकडे राहावं, मला मोकळं करावं, असं तू लिहिलं आहेस, आणि मी फक्त 'हो' किंवा 'नाही' कळवायचं आहे. एवढ्याशा उत्तराला मी तीन महिने लावले. फोनवर सांगता येईना, कारण आपण बोलत असलो की आई शेजारी येऊन वर्तमानपत्र वाचतात, आणि त्यांचं पान काही केल्या उलटत नाही. म्हणून हे पत्र. मध्ये बरंच काही घडलंय. एकदा नीट बसून वाच, भाजी गॅसवर ठेवून वाचू नकोस.

आधी खरं सांगते. तिकीट आलं तेव्हा माझं उत्तर 'हो' होतं. तुझा दादा गेल्यापासून आम्ही दोघी या घरात पाहुण्यांसारख्या राहत होतो. मी म्हणायची, "आई, तुम्ही बसा, मी करते." त्या म्हणायच्या, "नाही, तू दमून आलीस, तूच बस." या 'बसा-बस'मध्ये चहा दोघींचा गार व्हायचा. तुला आठवत असेल, तो होता तेव्हा आमच्या दोघींची भांडणं कशी रंगायची! कणीक किती सैल मळावी इथपासून ते दाराला आतून कडी घालायची की नुसतं कुलूप पुरे इथपर्यंत. तो मध्ये पडायचा आणि दोघींकडून बोलणी खायचा. तो गेला आणि आमचं भांडणही त्याच्याबरोबर गेलं. मी रडत असले की आई आत जायच्या, त्या रडत असल्या की मी नळ मोठा सोडायची, त्यांना वाटावं मला ऐकू येत नाही. वर्षभर आम्ही एकमेकींना इतकं जपलं की मला गुदमरल्यासारखं व्हायला लागलं. मला वाटलं, त्यांनाही तसंच होत असणार. लेकीकडे मोकळं वाटेल.

याच सुमारास आमच्या दवाखान्यात एक पत्रक आलं. मी काम करते ते माहीत आहेच तुला, कानाच्या डॉक्टरांकडे लोकांची ऐकण्याची तपासणी. पत्रक विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचं होतं. अपघातात किंवा अचानक जोडीदार गेलेली माणसं दुःख कसं सोसतात, कशी सावरतात, यावर संशोधन करायचंय, स्वयंसेवक हवेत. डॉक्टरांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि जणू वाऱ्याने उडून आलंय अशा चेहऱ्याने निघून गेले. घरी सांगितलं तर आई म्हणाल्या, "जा बाई, तेवढीच बाहेर पडशील." बाहेर पडणं वगैरे काही नव्हतं, कारण संशोधनच आमच्या घरी चालत आलं. एक मुलगी आली, हातात पिशवी, गळ्यात ओळखपत्र, अंगाने इतकी बारीक की आईंनी तिचं नाव त्याच दिवशी 'काडी' ठेवलं. मुलगी गोड आहे, पण त्या दिवशी तिने पहिली चूक केली ती दारातच. ती लिफ्टने वर आली.

तुला हे माहीत नसेल. तुझा दादा दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करता करता त्या कार्यालयातल्या लिफ्टच्या खड्ड्यात पडला, त्यानंतर आमच्यापैकी कोणीच आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही. चौथा मजला! पण दोघींनी एकमेकींना ते कधी सांगितलं नाही. आई म्हणायच्या, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी जिने चढायला सांगितलेत. असा सल्ला देणारा डॉक्टर कुठे असेल तर त्याचा परवाना काढून घ्यायला हवा. मी म्हणायची, माझं वजन वाढलंय. तर काडी लिफ्टचं दार सरकवून आरामात बाहेर आली आणि आम्ही दोघी तिच्याकडे अशा बघायला लागलो की ती बिचारी स्वतःच्या कपड्यांवर काही सांडलंय का ते तपासायला लागली.

दुसरी चूक तिने आत आल्यावर केली. ती फार नम्रपणे आईंना म्हणाली, "आजी, तुम्ही जरा आतल्या खोलीत बसाल का? अभ्यास फक्त जोडीदारांचा आहे." तुला तुझी आई माहीत आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाच्या मरणाबद्दलची बोलणी, आणि त्यांना सांगितलं आत बसा. त्या नुसत्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासायला काढली. घासलेली भांडी! काडी मला विचारायची, "पहिल्या आठवड्यात झोप कशी होती?" आणि आतून परात पडायची. ती विचारायची, "तुम्हाला कोणाचा आधार वाटला?" आणि पातेल्यांची उतरंड कोसळायची. पुढे काडीने मला सांगितलं, त्या ध्वनिमुद्रणावर माझं दुःख कमी आणि आमची भांडी जास्त ऐकू येतात.

जाताना ती एक यंत्र देऊन गेली. साबणाच्या वडीएवढं, काळं, वर सात बटणं आणि छोटा पडदा. दिवसातून कधीही, कसलीही पूर्वसूचना न देता ते चिवचिवणार, आणि पडद्यावर एकच प्रश्न येणार: आत्ता, या क्षणी, त्यांच्या जाण्याचा त्रास किती होतोय? एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे सहन होत नाही. विचार न करता चटकन बटण दाबायचं. नंतर आठवून सांगितलेलं दुःख वेगळं असतं आणि त्या क्षणाचं वेगळं, असं काडीचं म्हणणं. मला ते पटलं. आईंनी यंत्राचं नाव ठेवलं 'टिवटिव्या' आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या त्याच्याकडे अशा बघायला लागल्या, जसं कोणी घरात न विचारता पाळीव प्राणी आणलाय.

धाकटे, त्या टिवटिव्याला माणसाच्या लाजेची काही कल्पना नाही. दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात दोन्ही हात घातलेले असताना तो चिवचिवला. त्रास किती होतोय? सात! पण तो दाढेचा की तुझ्या दादाचा, हे त्या यंत्राला कसं समजावणार? शेजारच्या काकूंच्या सासऱ्यांना शेवटचा निरोप द्यायला आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो, आणि माझ्या पिशवीतून पक्षी बोलायला लागला. काकूंच्या जावेने चारी बाजूंना झाडं शोधली. आणि खरं सांगू? त्या वेळी मी बटण दाबलं ते एकचं. मला हसू आवरत नव्हतं. हसू आवरल्यावर मग लाज वाटली, की नवरा जाऊन वर्ष होतंय आणि बाई दुसऱ्याच्या अंत्ययात्रेत गालाच्या आतून हसू चावतेय. बहुतेक वेळा माझा आकडा दोन नाहीतर तीन यायचा. म्हणजे यंत्र वाजायचं तेव्हा मी बसची वाट बघत असायची, भुकेली असायची, चपला चावत असायच्या. तो आठवायचा तो भलत्याच वेळी, बाटलीचं झाकण उघडत नसलं की, किंवा कोणीतरी जिन्यात त्याच्यासारखं शीळ घालत गेलं की. तेव्हा टिवटिव्या कधी वाजायचा नाही. मी त्याच्याकडे बघत बसायची, वाज रे बाबा, आत्ता विचार.

आणि मग ते दवाखान्याचं झालं. तपासणीला आम्ही माणसाला आवाजबंद खोलीत बसवतो, कानावर हेडफोन लावतो, मी मागे बसून यंत्रावरून बारीक आवाज सोडते, आणि ऐकू आला की त्याने हात वर करायचा. त्या दिवशी एक निवृत्त शाळामास्तर होते, यांना माझं काही ऐकू येत नाही अशी बायकोची तक्रार. मी आवाज सोडतेय, मास्तर ढिम्म. मोठा केला, ढिम्म. आणि माझ्या खिशात टिवटिव्या वाजला. मास्तरांचा हात ताडकन वर! डॉक्टर काचेपलीकडून बघत होते. त्यांनी नोंद घेतली की इतका उंच सूर ऐकू येतो म्हणजे कान ठीक आहे. मास्तर खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली आणि तिने डॉक्टरांना विचारलं, "कान जर ठीक आहे, तर मग हे तीस वर्षं मुद्दाम करतायत का?" संसार मोडायची वेळ आली. मग मला सगळं सांगावं लागलं. मास्तरांची तपासणी पुन्हा झाली, आणि डॉक्टर मला म्हणाले, "बाई, तुमच्या दुःखाचा मला आदर आहे, पण या खोलीत एकच यंत्र वाजेल, आणि ते माझं." तेव्हापासून मी टिवटिव्याला कामावर नेणं बंद केलं. दिवसभर तो घरी, फ्रिजवर. संध्याकाळी आले की माझ्याकडे. मधले प्रश्न बुडत असतील, काडी समजून घेईल, असं मी धरून चालले.

महिन्याभराने विभागातून फोन आला. प्रमुख प्राध्यापकांना स्वतः भेटायचं होतं. हे गृहस्थ तुमचं बोलणं ऐकताना दर तीन शब्दांनी "हं... हं..." करतात, म्हणून मी त्यांना मनात हंहंसर म्हणते. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक आलेख लावला होता, आणि त्याच्याकडे ते नवा जावई दाखवावा तसं बोट करत होते. आलेख माझा होता! सर म्हणाले, इतक्या माणसांत मीच अशी की एकही प्रश्न बुडवला नाही. मी म्हटलं, हं? तेही म्हणाले, हं. आणि मग त्यांनी मला माझं दुःख समजावलं. सकाळी दोन, तीन. संध्याकाळी दोन, तीन. पण दुपारी, रोज, न चुकता, सात. सात, सात, सात, डोंगरासारखे. असा नमुना त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. दुपारी मी कुठे असते ते त्यांनी विचारलं. आवाजबंद खोलीत असते म्हटल्यावर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "हेच! शांतता! बाहेरचा आवाज थांबला की आतला उसळतो!" या सिद्धांताला त्यांनी नावही देऊन ठेवलं होतं आणि पुढच्या महिन्यात मोठ्या परिषदेत ते माझ्या आवाजबंद खोलीवर भाषण करणार होते. काडी कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती की मला पाणी मागावं लागलं.

कारण दुपारी मी शांतपणे लोकांचे कान तपासत असते, आणि टिवटिव्या असतो फ्रिजवर. आणि घरात त्या वेळी एकच माणूस असतं.

मी पाणी पिऊन तिथून निघाले. आधी घरी विचारायला हवं होतं. चारही जिने मी आईंना काय काय बोलायचं त्याची तालीम करत चढले. पहिल्या मजल्यावर मी समजूतदार होते, तिसऱ्यापर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला होता. दार उघडताच मी विचारलं, "आई, ते बटण तुम्ही दाबता?" मला वाटलं, त्या ओशाळतील. छे! कंबरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हो, दाबते. आणि तू काय दाबतेस ते मी बघितलंय. पडद्यावर मागचा आकडा दिसतो. दोन! माझ्या मुलासाठी दोन! विद्यापीठात लोक काय म्हणतील? याच्या बायकोला काही वाटलंच नाही? तुझी अब्रू राखायला मी सात दाबत होते, आणि तू मलाच विचारतेस?"

धाकटे, मग जे भांडण झालं तसं आपल्या घरात कधी झालेलं नव्हतं. मी म्हटलं, दोन म्हणजे काही वाटत नाही असं नाही, मला कामं असतात, मला दिवसभर सात परवडत नाही. त्या म्हणाल्या, दुःखात परवडणं कसलं आलं! मी म्हटलं, तुमचा मुलगा ओला टॉवेल पलंगावर टाकायचा, तो मी वीस वर्षं उचलला, तेव्हा कोणी सात दिले नाहीत मला. त्या म्हणाल्या, माझ्या घरी असताना त्याने कधी टॉवेल टाकला नाही, लग्नानंतर बिघडला. मी म्हटलं, खोटं! धाकटीने मला सांगितलंय, तो लहानपणी टॉवेलच काय, चड्डीसुद्धा तिथेच टाकायचा. त्या म्हणाल्या, धाकटी जन्माची चोंबडी. (हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिलं.) मग तो घोरायचा की नाही, त्याला माझ्या हातची आमटी आवडायची की त्यांच्या, शीळ घालायला त्याला कोणी शिकवलं, यावर आम्ही किंचाळत होतो. वर्षभर त्याचं नाव कुजबुजत घेतलं होतं आम्ही, आणि आता शेजारच्या काकू दार वाजवून विचारत होत्या, सगळं ठीक आहे ना? आईंनी दारातून ओरडून सांगितलं, "घरगुती आहे!" आणि त्या सांगण्यातच त्यांना हसू फुटलं. मग मलाही. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाला धरून हसलो, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. या वेळी कोणी आत गेलं नाही, आणि नळही कोणी सोडला नाही.

शांत झाल्यावर मी विचारलं, खरंच अब्रूसाठी दाबत होता? आईंनी टेबलावरचे कण बोटाने गोळा केले. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा अब्रूसाठीच. मग तो विचारायचा, म्हणून सांगत गेले. दुसरं कोण विचारतं मला? सगळे येतात आणि म्हणतात, सुनेला सांभाळा." आणि मग त्यांनी मला ती दुपार सांगितली. तुला माहीत आहे, फोन त्यांनी घेतला होता. मी कामावर होते. त्याच्या कंपनीतल्या माणसाने घरी कोण बोलतंय एवढंही न विचारता सांगून टाकलं. त्यांनी फोन ठेवला, गॅस बंद केला, माझ्या दवाखान्यात कळवलं, आणि मी येईपर्यंत त्याच खुर्चीत बसून राहिल्या. तेव्हापासून रोज दुपारी रिकाम्या घरात एकटीचं जेवण उरकलं, की त्यांना तो फोन पुन्हा वाजेल असं वाटत राहतं. मी त्या घरात राहते, धाकटे, त्यांच्याबरोबर त्याच टेबलावर जेवते, आणि हे मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. हंहंसरांच्या आलेखातला डोंगर अगदी खरा होता, फक्त माणूस दुसरं होतं.

पुढच्या सोमवारी दोघी विभागात गेलो. आईंनी ठेवणीतले कपडे घातले होते, जणू बक्षीस घ्यायला निघाल्यात. मी सरांना सगळं सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला हं करत होते, आणि जसजशी मी पुढे गेले तसतसा त्यांचा हं बारीक होत गेला, शेवटी नुसता श्वास उरला. परिषदेचं भाषण भिंतीवरच्या आलेखासकट पाण्यात. आईंनी त्यांना धीर दिला. म्हणाल्या, "मन लहान करू नका, होतं असं." दुःखावर संशोधन करणाऱ्याचं तुझ्या आईने सांत्वन करावं! काडी मात्र वेगळ्याच विचारात होती. तिने हळूच विचारलं, बाकीच्या घरांतही असं होत असेल का? तिने सगळ्यांना फोन लावले. आणि निघालं की! एका घरात आजोबा नातसुनेचं बटण दाबत होते. एकीकडे सख्खी बहीण. एका गृहस्थांनी तर कबूल केलं की ते स्वतः कधी दाबतच नाहीत, त्यांच्या गेलेल्या बायकोची मैत्रीण रोज संध्याकाळी चहाला येते आणि तीच दाबून जाते, कारण तिला घरी कोणी विचारत नाही. विभागात दोन दिवस हलकल्लोळ. तिसऱ्या दिवशी हंहंसरांचा हं परत आला. आता ते नव्याने अभ्यास मांडतायत, एका मरणामागे घरात किती माणसं मागे राहतात त्याचा, आणि आधी फक्त जोडीदारच का निवडले याचं उत्तर त्यांना अजून देता आलेलं नाही.

आईंना आता स्वतःचा टिवटिव्या मिळालाय. काय रुबाब! शेजारच्या काकूंना सांगतात, "मी विद्यापीठात असते." दोघींचे टिवटिवे कधी कधी एकदम वाजतात, मग आम्ही परीक्षेतल्या पोरींसारख्या हाताने आडोसा करून बटण दाबतो, आणि त्या हमखास माझ्याकडे डोकावतात. परवा त्यांनी स्वतः तीन दाबलं. मला दिसलं, आणि मला दिसलं हे त्यांनाही दिसलं. "आज भाजी चांगली झाली होती," असं म्हणून त्या उठून गेल्या. लिफ्टने आम्ही अजून जात नाही. पण आता दुसऱ्या मजल्यावर टेकतो तेव्हा गुडघ्यांचं आणि वजनाचं नाव घेत नाही. त्या सरळ म्हणतात, "नको वाटतं ना?" मी म्हणते, "नको वाटतं." मग उरलेले जिने चढतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन करते. पहिल्या दिवशी त्या घंटीने दचकल्या असणार, आता सवय झालीय. उचलून आधी मलाच झापतात की उशीर का केलास. कणकेवरूनही पुन्हा सुरू झालंय.

आणि मग काल मी त्यांना तू पाठवलेलं तिकीट दाखवलं. तुझ्या-माझ्यात परस्पर ठरवायचं नाही, एवढं आता कळलंय. चाकांच्या खुर्चीवरून भडका उडेल म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. पण आईंनी चष्मा लावून ते मागून-पुढून बघितलं आणि त्या म्हणाल्या, "मी इथे बरी आहे. हे माझ्यासाठी नाहीच. हिला इथे यायला नको वाटतंय, म्हणून मला बोलावतेय." मग म्हणाल्या, "तिचा भाऊ गेला. तिला लोकांनी काय विचारलं असेल? आई कशी आहे, वहिनी कशी आहे." त्यांचं बरोबर होतं. कारण वर्षभर आपण फोनवर तेच बोललो, धाकटे. तू आईंची चौकशी करायचीस, मी सांगायची, आणि ठेवायचो. तो तुझा दादा होता, माझ्या कितीतरी आधीपासून तुझा होता, आणि मी तुला एकदाही काही विचारलं नाही. म्हणून हे पत्र लिहितेय, उत्तर 'हो' की 'नाही' ते सांगायला नाही. तिकीट तुझ्या नावाने बदलून घे आणि तू ये. त्याची खोली आम्ही आवरलेली नाही, तू आल्यावर तिघी मिळून आवरू किंवा नुसत्या बसू. आणि येणं इतक्यात जमत नसेल तर निदान लिही. आईंचं विचारू नकोस, माझंही विचारू नकोस. तू कशी आहेस?

तुझीच,
वहिनी